लिलावात स्टिल लाईफ किंवा जुना दागिना घ्यायचा असेल तर बोलीच्या आधी काय काय करायचं

लिलाव म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो लाकडी हातोडा, 'एक वार, दोन वार' आणि पॅडल वर करून बसलेली सूटबूटवाली माणसं. आता तसलं बरंच कमी झालंय, कितीतरी लिलाव ऑनलाईन असतात आणि घरच्या कपड्यांत सोफ्यावर बसून मोबाईलवर बटण दाबलं की झाली बोली. म्हणजे बोली लावणं हे या सगळ्यातलं सगळ्यात सोपं काम. खरं काम असतं ते कॅटलॉग आल्यापासून लिलावाच्या दिवसापर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत, आणि ज्याने ते केलं नाही तो एकतर खोटी वस्तू घेऊन बसतो नाहीतर खरी वस्तू दीडपट पैसे मोजून आणतो.

चित्रांपैकी स्टिल लाईफच का धरलं ते सांगतो. आपल्याकडे ज्यांनी शाळेत इंटरमिजिएट ड्रॉईंगची परीक्षा दिलीय त्यांनी स्थिरचित्र काढलेलं असतं, तो तांब्या, ती दोन केळी, मागे चुण्या पडलेली चादर. त्यामुळे भांड्याची कड नीट वळलीय का, सावली बरोबर बाजूला पडलीय का हे आपल्याला बऱ्यापैकी दिसतं, अ‍ॅबस्ट्रॅक्ट समोर आलं की आपण जसे मान डोलवत गप्प उभे राहतो तसं होत नाही. दुसरं म्हणजे भाव. एकाच चित्रकाराचं माणसांचं मोठं कॅनव्हास कोटीत जातं आणि त्याचीच कागदावरची फुलदाणी काही लाखांत मिळते असं पुष्कळदा होतं. दागिन्यांचं उलट आहे, दागिन्यातलं आपल्याला कळतं असा प्रत्येक घरात एकाचा तरी पक्का समज असतो आणि फसायला तोच समज पुरतो.

आधी नुसतं बघा

मुंबईत बघायचं तर सॅफ्रनआर्ट आहे २००० सालापासून, अ‍ॅस्टागुरू २००८ पासून, आणि बॅलार्ड इस्टेटमधलं पंडोल्स, त्यांची गॅलरी १९६३ ची पण लिलाव सुरू केले २०११ मध्ये. पेपरात येतात त्या बातम्या म्हणजे सप्टेंबर २०२३ ला अमृता शेरगिलचं चित्र ६१.८ कोटींना गेलं वगैरे, ते वाचून लोकांना वाटतं हे आपलं काम नाही. पण याच जगात छोटे लिलावही होतात, कागदावरची कामं, प्रिंट्स, सुटे दागिने, आणि मी बोलतोय ते त्यांच्याबद्दल. कॅटलॉग ऑनलाईन फुकट बघता येतात, आधीच्या लिलावांत काय कितीला गेलं हेही साइटवर सापडतं. पहिले काही लिलाव फक्त बघा, वहीत स्वतःचा अंदाज लिहा आणि नंतर खरा भाव त्याच्यापुढे लिहा. अंदाज कुठे चुकतोय हे कळायला लागलं की मगच रजिस्ट्रेशन करा, त्याला पॅन, पत्त्याचा पुरावा आणि मोठी बोली असेल तर डिपॉझिट लागू शकतं, त्यामुळे ते शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

आता चित्रांपैकी एक नाव घेऊन सांगतो म्हणजे हवेत राहणार नाही. के. एच. आरा, म्हणजे कृष्णाजी हौलाजी आरा. जन्म १९१४, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. लहानपणीच मुंबईत आले, लोकांच्या घरी कामं केली, गाड्या धुतल्या, आणि १९४७ ला सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये, म्हणजे मुंबईच्या आधुनिक चित्रकारांच्या गटात, होते. १९८५ ला मुंबईतच गेले. आरांनी फुलदाण्या, फळं, टेबलावरची भांडी आयुष्यभर रंगवली, कागदावर, वॉटरकलर आणि गोवॉशमध्ये (पाण्यात कालवायचा अपारदर्शक रंग), नंतर तैलरंगातही. आता ही गोष्ट दोन्हीकडून लागू पडते बघा: इतकी कामं बाजारात येऊन गेलीत की तुलना करायला भरपूर माल आहे, आणि इतकी कामं आहेत म्हणूनच त्यात एखादं खोटं सरकवून देणं सोपं जातं.

सूझांचं प्रकरण वेगळं. माणूस साळगावचा, जन्म १९२४, गाजला लंडनला, आणि त्यांच्या स्टिल लाईफच्या टेबलावर सफरचंदांपेक्षा चर्चमधली भांडी जास्त, चषक वगैरे, भोवती जाड काळी रेष. ज्याने गोव्यातल्या चर्चचं अल्टार जवळून पाहिलंय त्याला हे चित्र कुठून आलंय ते सांगावं लागत नाही. पण ही महाग असतात आणि सूझांच्या नावाने बनावट माल खूप फिरलाय, तेव्हा पहिल्या खरेदीला सूझा नकोच असं माझं मत.

तुलना करताना एकच चूक सगळे करतात, चित्रकाराचं नाव टाकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा बघून डोळे फिरवायचे. तसं नाही. माध्यम तेच पाहिजे (कागद म्हणजे कागद, कॅनव्हास म्हणजे कॅनव्हास), साइज जवळपास पाहिजे, काळ तोच पाहिजे आणि विषयही तोच. काही डीलर अजूनही चित्राचा भाव स्क्वेअर इंचात सांगतात, पुण्यात फ्लॅट बघायला गेल्यासारखं, त्याकडे फार लक्ष देऊ नका पण मोठं चित्र आणि छोटं चित्र यांच्यातला फरक काढायला तो आकडा कधीकधी कामाला येतो. आणि न विकली गेलेली लॉट्स (कॅटलॉगमधल्या नंबर लावलेल्या वस्तू) नक्की बघा. ज्या चित्राला कुणीच हात लावला नाही ते दोन वर्षांनी दुसऱ्या लिलावात परत आलं असेल तर का हा प्रश्न विचारायलाच हवा.

प्रिव्ह्यूला जा, फोटोवर घेऊ नका

लिलावाच्या आधी काही दिवस माल लोकांना बघायला ठेवलेला असतो, फुकट असतं, कुणीही जाऊ शकतं, आणि तरी लोक जात नाहीत कारण आपण घेणार नाही तर तिथे काय म्हणून उभं राहायचं असं वाटतं. काही होत नाही, बिनधास्त जा. जमलं तर सकाळी, गर्दी नसताना. छोटा टॉर्च आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन जा, सराफाकडे असतं ते डोळ्याला लावायचं.

चित्र फ्रेममधून काढून दाखवा म्हणून विचारायला लाजू नका. काच आणि माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) असताना कागदाचं अर्धं दुखणं दिसतच नाही. टॉर्च समोरून मारायचा नाही, बाजूने, चित्राच्या पृष्ठभागाला जवळपास समांतर धरायचा, मग रंगाचा थर कुठे उठलाय, कुठे घडी पडलीय, कुठे कागद फाटून मागून चिकटवलाय ते सगळं सावल्यांनी वर येतं. मुंबईच्या दमट हवेत कागदावर तांबूस ठिपके येतात, थोडे असतील तर चालतं, फुलांच्या पांढऱ्या भागातच आले असतील तर किमतीवर परिणाम होतो. कसर लागलेली असेल तर कागदाचा वरचा पापुद्रा खाल्ल्यासारखा दिसतो. आणि माउंटखाली झाकलेली कडेची पट्टी बघा: तिथला गुलाबी जर झळझळीत आणि बाकी चित्रातला फिका असेल तर ते चित्र वर्षानुवर्षं खिडकीसमोर होतं असं समजा, तो रंग परत येणार नाही, कितीही मोठा रिस्टोरर आणा.

तैलचित्र असेल तर अंधाऱ्या कोपऱ्यात यूव्ही टॉर्च टाकता आला तर उत्तम (परवानगी घेऊन), जुन्या वार्निशवर नंतर केलेलं रिटचिंग काळपट डागासारखं दिसतं. थोडं रिटचिंग म्हणजे घात नाही. सहीच्या भोवती रिटचिंग असेल तर मात्र मी निघून येतो.

मागची बाजू. इथे लोकांनी जास्त वेळ घालवायला पाहिजे. गॅलरीचं लेबल, प्रदर्शनाची चिठ्ठी, फ्रेमवाल्याचा स्टिकर (जुन्या मुंबईच्या चित्रांमागे केमोल्ड या फ्रेमवाल्या गॅलरीचं लेबल पुष्कळदा दिसतं), पेन्सिलने लिहिलेला नंबर, कुणाचं तरी नाव. लेबल खोटंही लावता येतं हे खरं, पण लेबलचा कागद, त्याखालचा पुठ्ठा, खिळ्यांचा गंज हे सगळं एकाच वयाचं वाटतंय का ते बघा. सत्तर वर्षं जुनं चित्र आणि मागे कोरा करकरीत प्लायवूड, असं असेल तर फ्रेम कधी बदलली आणि जुनी फ्रेम कुठे गेली विचारा. उत्तर असेल तर छानच.

कॅटलॉगमधले शब्द

कॅटलॉग हे जाहिरातीसारखं वाचायचं नाही, खरेदीखतासारखं वाचायचं. चित्रकाराचं नाव सरळ लिहिलं असेल तर हाऊसच्या, म्हणजे लिलाव करणाऱ्या कंपनीच्या, मते ते चित्र त्याचंच. 'अ‍ॅट्रिब्यूटेड टू' असेल तर बहुतेक त्याचं, खात्री नाही. 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच्या काळातल्या, त्याच्या आसपासच्या कुणाचं तरी. 'मॅनर ऑफ' म्हणजे त्याच्या धाटणीत, कधीही, कुणीही. 'आफ्टर' म्हणजे नक्कल. सहीचंही तसंच, 'साइन्ड' लिहिलं असेल तर सही चित्रकाराची असं ते म्हणतायत, आणि 'बेअर्स सिग्नेचर' लिहिलं असेल तर चित्रावर सही आहे, कुणाची ते आम्ही सांगत नाही. एवढ्या दोन शब्दांच्या फरकाने किंमत दहावा हिस्सा होऊ शकते. प्रत्येक हाऊसच्या अटींमध्ये या शब्दांचा अर्थ दिलेला असतो, तो नीट वाचा, आणि खोटं निघालं तर पैसे परत मिळायला किती दिवसांची मुदत आहे तेही तिथेच असतं.

त्यानंतर प्रोव्हेनन्स, म्हणजे चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं त्याची साखळी. 'खाजगी संग्रह, मुंबई' एवढंच लिहिलं असेल तर काहीच लिहिलेलं नाही असं धरा आणि ईमेल करून विचारा: मूळ खरेदी कधीची, पावती आहे का, जुन्या कॅटलॉगमध्ये किंवा पुस्तकात छापून आलंय का, सोबत सर्टिफिकेट असेल तर ते कुणाचं आणि त्या माणसाचा त्या चित्रकाराशी संबंध काय. मोठ्या संस्थेच्या भिंतीवर लागलं म्हणजे खरं असंही नसतं. २०११ मध्ये कोलकात्याच्या सरकारी आर्ट कॉलेजमध्ये रवींद्रनाथांची म्हणून चित्रं लावली होती आणि नंतर ती खोटी असल्याचं बाहेर आलं, तेव्हा नावावर, इमारतीवर जाऊ नका.

आणि कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तू कुठे खराब-दुरुस्त झालीय त्याचा अहवाल, मागा. मागितला की देतात. वस्तू 'आहे तशी' विकली जाते, त्यामुळे मागितला नाही तर नंतर तुमचं काही ऐकलं जात नाही.

दागिने

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

पहिली गोष्ट, लिलावातल्या दागिन्याला सोन्याच्या भावाचं गणित लावू नका. कुंदन-पोल्कीच्या दागिन्यात (पोल्की म्हणजे नीट पैलू न पाडलेला हिरा, कुंदन म्हणजे शुद्ध सोन्याच्या पत्र्याने तो बसवायची पद्धत) आत राळेसारखी लाख भरलेली असते, वजनकाट्यावर दिसतं त्यातलं सोनं किती आणि लाख किती हे बाहेरून कळत नाही. उलट बाजूनेही तेच, चांगल्या कामाचा दागिना निव्वळ सोन्याच्या वजनावर स्वस्त-महाग ठरवणारा माणूस तो वितळवायलाच घेतोय. हॉलमार्कचंही ऐकून ठेवा, १ एप्रिल २०२३ पासून दुकानात सहा अक्षरी एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा वेगळा नंबर) असलेलाच हॉलमार्क चालतो, पण कुंदन, पोल्की, जडाव यांना त्यातून सूट आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या तन्मणीवर तो कुठून येणार. त्यामुळे हॉलमार्क नाही म्हणून नाक मुरडू नका. परदेशी दागिन्यांना मात्र जुने छाप असतात ते भिंगाखाली शोधा, फ्रेंच १८ कॅरेटवर गरुडाचं डोकं, फ्रेंच प्लॅटिनमवर कुत्र्याचं डोकं, इतकं बारीक की हूकच्या कडेला दडलेलं असतं.

कुंदनचा हार हातात आला की आधी उलटा करा. मागे मीनाकारी असते, तिचे टवके कुठे उडालेत ते बघा, टवक्यांच्या जागी नंतर रंग भरला असेल तर भिंगाखाली तो काचेसारखा चमकत नाही, नेलपॉलिशसारखा मऊ दिसतो. मग सरळ करून एकेक पोल्की बघा, हिऱ्यामागे चकचकीत पातळ पत्रा असतो त्याच्यामुळे तो उजळतो, आत पाणी गेलं की तो पत्रा काळा पडतो आणि तो एकच खडा मेल्यासारखा दिसतो. असे दोन-चार असतील तर दुरुस्ती होते, अर्धा हार तसा असेल तर तो आंघोळीला वापरलेला हार आहे. कानाजवळ धरून हळूच हलवा, आत काही खुळखुळलं तर लाख सुटलीय. दोरा बघा, पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवलेला असेल तर चांगलंच आहे पण गाठवताना मणी कमी-जास्त झालेत का ते दोन्ही बाजू मोजून बघा. लोलक किंवा पेंडंटच्या मागे जोड दिल्याच्या खुणा असतील तर तो आधी ब्रोच असावा, कानातल्या जोडीतलं एक दुसऱ्यापेक्षा नवं असू शकतं. बदल केलेला दागिना घेऊ नये असं नाही, पण मूळ म्हणून भाव द्यायचा नाही.

मोत्यांवर आपल्या लोकांचा फार जीव. नथीत, तन्मणीत, चिंचपेटीत बसरा मोती म्हणून जे सांगतात ते पर्शियन आखातातले नैसर्गिक मोती, आणि नैसर्गिक मोत्याचा भाव वजनाच्या वर्गाच्या (वजन गुणिले वजन) हिशोबाने चढत जातो, म्हणजे एक मोठा मोती त्याच्या अर्ध्या वजनाच्या दोन मोत्यांपेक्षा कितीतरी महाग पडतो. बडोद्याच्या गायकवाडांच्या मोत्यांचा दोन सरांचा हार एप्रिल २००७ ला न्यूयॉर्कला क्रिस्टीजमध्ये ७० लाख डॉलर्सच्या वर गेला होता, आणि खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमाराला बनवून घेतलेला मोत्यांचा गालिचा २००९ ला दोह्यात सदबीजने सुमारे ५५ लाख डॉलर्सना विकला. ही नावं ऐकून प्रत्येक घरातली नथ बसऱ्याचीच होते. नैसर्गिक आणि कल्चर्ड (माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला) हे डोळ्यांनी ठरत नाही, भोकातून आत डोकावून अंदाज येतो, पण खात्री एक्स-रेनेच होते, लॅबमध्ये. एक साधा तर्क मात्र फुकट आहे: गोल कल्चर्ड मोती बाजारात मोठ्या प्रमाणावर आले ते १९२० च्या दशकात. कॅटलॉग म्हणतोय दागिना १८९० चा आणि रिपोर्ट म्हणतोय मोती कल्चर्ड, तर मोती नंतर बदललेत. खरे मोती कुठे गेले हा प्रश्न आता कुणाला विचारणार.

असेच तर्क खड्यांनाही लागतात. जुनी अंगठी म्हणजे माणिक खरंच असणार असं समजणाऱ्यांनी लक्षात ठेवा, व्हर्नुइल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम माणिक बनवायची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली, तेव्हा आजीच्या आजीच्या अंगठीतही कारखान्यातलं माणिक असू शकतं आणि अंगठी तरीही अस्सल जुनी असते. हिऱ्याचा आधुनिक ब्रिलियंट कट साधारण १९१९ नंतरचा, त्याआधीचे रोज कट किंवा ओल्ड माइन कट, त्यांचे पैलू मोठे, ओबडधोबड, मेणबत्तीच्या उजेडात सुंदर दिसणारे. व्हिक्टोरियन म्हणून दिलेल्या दागिन्यात सगळे हिरे आजच्या कटचे असतील तर विचारा.

मग रिपोर्ट. मोठा रंगीत खडा असेल तर लॅब रिपोर्टशिवाय बोली नाही, हा नियमच करून टाका. पाचूला तेल लावलेलं असतंच बहुतेक, प्रश्न किती हा असतो, नाही, थोडं, मध्यम की भरपूर. माणकाला उष्णता दिलीय का, काच भरलीय का. काच भरलेलं माणिक दिसायला झकास असतं आणि सोनाराच्या भट्टीजवळ नेलं की त्याची वाट लागते. काश्मीर नीलम असं लिहिलं असेल तर तो शब्द फुकटात मान्य करू नका, तिथल्या पाडरच्या खाणी सापडल्या १८८१ च्या आसपास आणि चांगला माल थोड्याच वर्षांत संपला, म्हणून तर त्या एका शब्दाचे एवढे पैसे. अशा ठिकाणी स्वित्झर्लंडच्या एसएसईएफ किंवा गुबेलिन या लॅबचा रिपोर्ट असेल तर बाजार विश्वास ठेवतो. हिऱ्यांना जीआयए या अमेरिकन संस्थेचा, त्यांची लॅब मुंबईतही आहे. रिपोर्टची तारीख बघा, वीस वर्षं जुन्या रिपोर्टनंतर खड्याला काय काय झालं असेल सांगता येत नाही. नंबर लॅबच्या साइटवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. मागून बंद कोंदणात बसवलेल्या पोल्कीला असा रिपोर्ट सहसा मिळत नाही, तिथे तुमचा विश्वासातला सराफ प्रिव्ह्यूला सोबत न्या आणि त्याला चहा पाजा.

अमेरिकेतल्या मावशीसाठी घेत असाल तर

१९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू, चित्र असो की दागिना, भारताबाहेर नेता येत नाही. शिवाय काही चित्रकारांची कामं वय न बघता कलानिधी म्हणून जाहीर केलेली आहेत, राजा रविवर्मा, शेरगिल, जामिनी रॉय, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ, नंदलाल बोस, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक. देशात विकता येतात, बाहेर नाही. कॅटलॉगमध्ये अशा लॉटवर तशी खूण असते. न्यू जर्सीच्या भाचीला लग्नात द्यायला १९१० ची चिंचपेटी घेतली तर ती तिला भारतात आल्यावरच घालता येईल. आणि शंभर वर्षांहून जुनं चित्र किंवा शिल्प असेल तर पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते, ती आहे का आणि तुमच्या नावावर कोण करून देणार ते आधी विचारून घ्या. उलट्या बाजूने, लंडन-न्यूयॉर्कहून घेतलं तर कस्टम्स, शिपिंग, इन्शुरन्स सगळं तुमच्यावर, ते कोटेशन बोलीच्या आधी घ्यायचं, नंतर नाही.

पैशाचं गणित

हातोडा पडतो त्या आकड्याला लोक किंमत समजतात. ती किंमत नसते. त्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे हाऊस खरेदीदाराकडून घेतं ते कमिशन, साधारण वीस टक्क्यांच्या आसपास, हाऊसप्रमाणे बदलतो. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी. चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, दागिन्यांवर ३ टक्के. म्हणजे चित्र पाच लाखांना पडलं तर एक लाख प्रीमियम, त्यावर १८ हजार, आणि चित्रावर २५ हजार, एकूण ६ लाख ४३ हजार. दागिना पाच लाखांना पडला तर असाच हिशोब ६ लाख ३३ हजारांवर जातो. कर कसा लावतात यात फरक असू शकतो म्हणून अटी वाचा, पण माझी पद्धत उलटी: खिशात एकूण किती आहेत ते आधी ठरवायचं आणि चित्रासाठी त्याला १.२८६ ने, दागिन्यासाठी १.२६६ ने भागायचं. पाच लाखच असतील तर चित्राची शेवटची बोली ३ लाख ८८ हजार. तो आकडा कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवायचा. दहा लाखांच्या वरच्या चित्रांवर एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस (विकणाऱ्याने जागेवरच वसूल करायचा आयकर) कापला जातो, तो रिटर्नमध्ये जमा धरता येतो पण त्या दिवशी द्यावा लागतोच. रोखीचा विचार डोक्यातून काढा, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेताच येत नाही.

बोलीच्या दिवशी

एस्टिमेट, म्हणजे हाऊसने आधी छापलेला अंदाजे भाव, दोन आकड्यांत असतं, आणि रिझर्व्ह नावाचा एक गुप्त आकडा असतो जो सहसा खालच्या एस्टिमेटच्या वर नसतो. त्याच्याखाली वस्तू जात नाही. एस्टिमेट मुद्दाम कमी ठेवलेलं असतं बऱ्याचदा, माणसं गोळा व्हावीत म्हणून, तेव्हा एस्टिमेटच्या दुप्पट गेलं म्हणजे काहीतरी खास होतं असं नाही.

ऑनलाईन लिलावात शेवटच्या काही मिनिटांत बोली आली तर वेळ आपोआप वाढतो, त्यामुळे शेवटच्या सेकंदाला बटण दाबून सगळ्यांना गंडवू ही आयडिया चालत नाही. उलट तुमचा वरचा आकडा आधीच प्रॉक्सी म्हणून टाकून द्या, सिस्टिम गरजेपुरतंच वाढवत नेते, आणि मग चहा प्या, स्क्रीनकडे बघू नका. खरा त्रास होतो तो 'अजून एक स्टेप' मध्ये. चार लाखांच्या पुढे एक स्टेप म्हणजे वीस-पंचवीस हजार आणि प्रीमियम-कर धरून तीस. समोरचा कोण आहे दिसत नाही, तो डीलर असेल तर त्याचा आकडा कधीचा ठरलेला असतो आणि तो थांबला की थांबतो, पण दोन हौशी माणसं भिडली की भाव कुठेही जातो आणि हाऊस खूश.

घरी आल्यावर, आणि कधी विकायचं झालं तर

पैसे भरायची मुदत थोड्या दिवसांची असते, त्यानंतर स्टोरेज चार्ज सुरू होतो, इन्शुरन्स कधीपर्यंत त्यांचा आणि कधीपासून तुमचा ते ईमेलवर लेखी घ्या. इनव्हॉइस, कॅटलॉगचं पान, कंडिशन रिपोर्ट, लॅब रिपोर्ट सगळं एका फाईलमध्ये, स्कॅन करून दुसरीकडेही. विकताना दागिना आणि चित्र दोन्ही भांडवली मालमत्ता धरतात, वैयक्तिक वापराची वस्तू म्हणून सुटका नाही, २४ महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर, आणि खरेदीचा कागद नसेल तर नफा किती हे सिद्ध करता करता नाकीनऊ येतात.

चित्र बाहेरच्या भिंतीवर लावू नका, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. काच यूव्ही अडवणारी घ्या, माउंट आम्लरहित, गल्लीतल्या फ्रेमवाल्याला हे दोन्ही सांगून करून घ्यावं लागतं आणि सेलोटेप लावू नको हे तर ओरडून सांगावं लागतं. मोती अत्तर, पावडर सगळं झाल्यावर शेवटी घालायचे, काढल्यावर मऊ कापडाने पुसायचे आणि प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत कोंडून ठेवायचे नाहीत.

आणि घरातलाच जुना दागिना लिलावाला द्यायचा विचार असेल तर आधी काहीही करू नका. पॉलिश नाही, नवा दोरा नाही, तुटलेला हूक बदलायचा नाही. हाऊसला मोबाईलवर पुढून, मागून, हूकचा असे साधे फोटो पाठवा, ते घेण्यालायक आहे का ते सांगतात. विकणाऱ्याकडूनही कमिशन घेतात, फोटो-इन्शुरन्सचे पैसे वेगळे लावू शकतात, आणि विकला गेला नाही तर काय द्यावं लागेल हे करारात बघून मगच सही करा.